हार

दोन दिवस ताप, एक दिवस नाक.
चौथ्या दिवशी भांडी घासली,
पाचव्या दिवशी चष्म्यांचं दुकान उघडलं.
डॉक्टरीणबाईंनी फायलीत लिहिलं : सौम्य.
सौम्य म्हणजे सोमाचा, चंद्राचा, असं पाठक सर सांगायचे.
मी तो शब्द आजवर
रंगांसाठी वापरला, आणि एका मावसबहिणीच्या स्वभावासाठी.

सहा महिने झाले.

अंधाऱ्या खोलीत मी डंडीतल्या लोकांचे डोळे तपासते.
वीस वर्षं एकच प्रश्न, काच उलटून :
पहिली स्पष्ट, की दुसरी?
मंगळवारी पेट्री म्हातारा म्हणाला, दुसरी.
आणि मला आठवेना
दुसरी कुठली होती ते.
काच हातात, त्याचं तोंड यंत्राआड,
भिंतीवर अक्षरं लख्ख.
तो थांबला. जन्मभर बोटीवर काढलेला माणूस,
त्याला थांबता येतं.
मग म्हणाला, आत हार आलाय काय गं, पोरी?

हार म्हणजे इथलं समुद्रावरून येणारं धुकं.
आमच्याकडे हार घालतात, नाहीतर मानतात.
इथे तो भर उन्हात टे नदीवरून वर सरकतो,
आधी पूल खातो, मग गोदी,
मग आमच्या गल्लीचा उतार.
जूनमध्येसुद्धा.

घरी मी गाळणं शोधते. वस्तू नव्हे, शब्द.
वस्तू हातातच आहे, तिच्यातून चहा गळतोय.
"ते भोकाभोकाचं" म्हणते, आणि श्रीरंग हसतो,
मग हसू अर्ध्यावर ठेवून देतो
थंड झालेल्या कपासारखं.
सतराचा पाढा पंच्याऐंशीवर बसतो
आणि उठत नाही.
रात्री तीनला छाती धडधडते. कुणी मेलेलं नसतं.
सुपरमार्केटात पावांच्या फळ्यांपुढे रडू फुटलं,
इतके पाव, आणि त्यातला
एक निवडायचा.

मॉरग म्हणते, पण दिसतेस छान.
हो. रक्त, फुप्फुसं, मेंदूचा फोटो,
सगळे पहिल्या बाकावरचे विद्यार्थी.
आई फोनवर म्हणते, फार विचार करतेस.
आई, फार?
मी एकेक विचार चिमट्याने उचलतेय,
आणि ताटापर्यंत नेईतो
चिमटा रिकामा.

काचेच्या दांडीला आता चिकटपट्टी लावलीय,
एका बाजूला १, दुसऱ्या बाजूला २,
आपल्या अंकांत, कुणाला कळू नये म्हणून.
मॉरगला ती नक्षी वाटते.

शुक्रवारी पेट्री परत आला, स्वतःहून,
तपासणी अर्धी राहिली होती म्हणाला.
बाहेर पूल दिसत नव्हता.
मी काच धरली, आकडा पाहिला, उलटली, आकडा पाहिला.
पहिली, की दुसरी?
त्याने बराच वेळ घेतला.
दोन्ही सारख्याच, म्हणाला.

असं कधीकधी असतं.
ते उत्तर चालतं.
मी विसरायच्या आत लिहून घेतलं.