नुसते

अल्मेरियात, प्लास्टिकखाली, सत्तेचाळीस अंश.
ऑडिटर बाई दाराशी, वाऱ्याच्या बाजूला.
मधे मी, दुभाषी,
तासाला अकरा युरो.

आज सगळ्यांना हातमोजे मिळालेत.
घड्या अजून मोडलेल्या नाहीत.

"शौचालय आहे?"
देम्बा म्हणाला, आहे. कुलूपही आहे.
फॉर्मवर 'आहे'ला चौकोन होता,
कुलपाला नव्हता.

"फवारणीनंतर आत कधी जाता?"
"वास गेला की."
मग जरा थांबून,
"मला हल्ली वास येतच नाही."
हे मी दोनदा सांगितलं.
बाईंनी पान उलटलं.

"मालक कोण?"
त्यानं खोक्यावरचं स्टिकर दाखवलं:
हसरं हिरवं पान, खाली कंपनीचं नाव.
दिवसाला बाराशे चिकटवतो तो.
"छे, छे," बाई म्हणाल्या,
"ते नुसते घेणारे."

'नुसते'ला पुलारमध्ये काय म्हणावं
मला सुचेना.
मिरच्यांची रांग संपेपर्यंत शोधत राहिले.
शेवटी म्हणाले,
"त्या म्हणतात, ते घेतात."
"हो," देम्बा म्हणाला,
"तेच सांगतोय मी."

चार वाजता हातमोजे मोजून परत घेतले.
एक जोडी कमी भरली.

माझ्या हातांत होती.