गो ऑफ

ग्रिम्सबीच्या वाचनालयात, वरच्या मजल्यावर,
गुरुवारी संध्याकाळी
विनिफ्रेड ऑल्डरसन फळ्यावर दोनच शब्द लिहितात.
गो. ऑफ.
फळा आता पांढरा, तरी लिहून झालं
की बोटं झटकतात, खडू लागल्यासारखी.

दोन्ही तुम्हाला येतात, त्या म्हणतात.
गो म्हणजे जा, ऑफ म्हणजे बंद.
आता दोन्ही विसरा.

अलार्म गोज ऑफ : वाजायला लागतो.
हीटर गोज ऑफ : गार पडतो,
मीटरमधले पैसे संपले की, बहुधा रात्री दहाला.
दूध गोज ऑफ : नासतं.
लग्न वेंट ऑफ वेल : कुणी रडलं नाही,
निदान फोटोत तरी.

डाइवा पेन खाली ठेवते.
पहाटे चारपासून ती हॅडॉकचे काटे काढते,
काट्याला निदान दिशा असते.
मिसेस, एकच शब्द
चालू होतो आणि बंदही होतो?
आमच्या मशिनला असं बटण असतं
तर माझी बोटं कधीच गेली असती.

सगळे हसतात. बाईही.
बरं, अजून एक उदाहरण घ्या :
माय हजबंड वेंट ऑफ, चौऱ्याऐंशी साली.

वर्गात वह्यांची पानंसुद्धा थांबतात.
शेवटी फरहाद, जो फ्रीमन स्ट्रीटवर दाढ्या करतो
आणि ज्याला गप्प बसणं जमत नाही, तो विचारतो :
वाजला, नासला, की गेला?

बाई विचार करतात. खरंच करतात.
आधी मीच, म्हणतात. आय वेंट ऑफ हिम.
म्हणजे मनातून उतरला.
एका रविवारी, बटाटे सोलताना.
कारण काहीच नव्हतं, सालं तेवढी लांब निघत होती.
तो गेला नंतर, ऑगस्टात,
स्कार्बराच्या एका बाईबरोबर.
गावाला क्रम उलटा माहीत आहे.
आणि फळ्यावर न लिहिलेलं काहीतरी पुसतात.

आता तुम्ही. तीन वाक्यं, स्वतःची.

तेस्फालेम सगळ्यात हळू लिहितो,
एकेक अक्षर जमिनीत रोवल्यासारखं.
बाई त्याच्या खांद्यामागून वाचतात :

माइन वेंट ऑफ.
भाऊ पाणी आणायला गेला होता.
गाढव घरी आलं.

माइन म्हणजे माझं,
हे त्यांनीच शिकवलं होतं मागच्या महिन्यात,
म्हणून क्षणभर त्या विचारणार असतात,
माझं काय?
मग दुसरं वाक्य. मग तिसरं.
मग पुन्हा पहिलं, आणि आता त्या शब्दाखाली
सुरुंग दिसतो.

काळ बरोबर. कर्ता बरोबर.
पूर्णविराम जिथल्या तिथे.
आणि हाताला चाळीस वर्षांची सवय,
तो लाल खूण करून मोकळा होतो.
बरोबर.
आता त्या खुणेचं काय करायचं?
खोडावी तर त्याचं वाक्य चूक ठरतं.
ठेवावी तर.

बाई उभ्याच. पेन उघडं.
डाइवा हलत नाही, फरहाद हलत नाही,
मागच्या बाकावरची सोमाली आजी,
जी नुसती उबेसाठी येते, तीही नाही.
आणि त्या खोलीतले दिवे असे आहेत
की बराच वेळ कुणी हललं नाही
तर त्यांना वाटतं खोली रिकामी आहे.

दिवे जातात.

अंधारात आठ माणसं,
आठही जणांना या घटनेचं क्रियापद ठाऊक,
पण कुणी म्हणत नाही.
बाहेर डॉकच्या बाजूला एक सीगल ओरडतो.
बराच वेळानं तेस्फालेम
एक हात उंच करतो,
शाळेत करतात तसा, सरळ,
आणि लख्ख उजेड पडतो.

येस, तेस्फालेम? बाई विचारतात, सवयीनं.

काही नाही, मिसेस, तो म्हणतो.
लाइट.