नववी खोली

तासगावाबाहेर, मणेराजुरीच्या रस्त्याला
बेदाण्याचं कोल्ड स्टोरेज.
दारांवर तांबड्या रंगाने एक ते आठ,
माझ्या कोडात शून्य ते सात.
आत काड्यापेटीएवढी डबी, तिला तार नाही,
मिनिटामिनिटाला हवेतून सांगते :
चार. सव्वाचार. चार.

तीन रात्री भोंगा थांबत नव्हता.
मालकांचा फोन : "ताई, माल बिघडलाय
का तुमचं मशीन?"
इलाहीभाई मुलाणी काचेचा थर्मामीटर घेऊन
आठही खोल्या फिरून आले, मिशीवर दव.
"समद्या चारवर हैत. बोंबलतंय कशापायी?"

तीन रात्री मी भिंतींना दोष दिला.
हातभर थर्मोकोल, त्यावर पत्रा,
लहरी अडत असतील म्हणाले.
अँटेना वाकवली, सेल बदलले,
एकदा तर डबीला जरा थोपटलंसुद्धा.

चौथ्या रात्री रिकाम्या पेट्यांवर लॅपटॉप ठेवून
आईचा स्वेटर घालून बसले. बाही लांब,
दर वेळी एंटरवर आडवी यायची.
एकेक ओळ बोटाने वाचत गेले,
आणि दिसलं.

आठ खणांची रांग मीच आखलेली,
आणि फेरी मारायला लिहिलं होतं
आठहून लहान किंवा बरोबर.
ते बरोबरचं चिन्ह. एवढंच.

म्हणून दर मिनिटाला माझा प्रोग्राम
नसलेल्या नवव्या खोलीच्या दारात उभा राहून
विचारायचा, किती आहे गं आत?
कोण बोलणार?
कुणी बोललं नाही तर उणे एकशेसत्तावीस धरायचं,
हेही मीच ठरवलेलं.
तो आकडा ठेवायला खण नव्हता,
त्याने शेजारणीच्या घरात नेऊन ठेवला.
शेजारीण म्हणजे मर्यादा : सहा अंश,
त्यावर गेलं की भोंगा.
आता तीच उणे एकशेसत्तावीस.
तिच्या हिशेबात बर्फसुद्धा तापलेला.

भाषा काही बोलली नाही.
इथे बांध कोरला तरी
मोजणीला कुणी येत नाही.

पहाटे सांगलीच्या अडत्याची गाडी लागली.
इलाहीभाई पेट्यांना हात लावत मोजू लागले :
"लाभ... दोन... तीन..."
मी म्हणाले, एक कुठे गेला?
"पयल्याला एक म्हनत न्हाईत, ताई.
एक म्हटलं की ते एकलंच ऱ्हातंय."
मग शेवटी चुकत नाही?
त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं
जसं मी बेदाणा झाडाला लागतो का विचारलं.
"शेवटच्या पेटीला हात लागला की थांबायचं.
फुडं कुनाचा माल आसतोय, आपल्याला काय ठावं?"

चिन्ह खोडलं. कोड पुन्हा चढवलं.
भोंगा गप्प झाला आणि तेव्हा कळलं
कॉम्प्रेसर केवढा आवाज करतो.

गाडी भरून गेली. चहा आला.
स्क्रीनवर आठ आकडे, सगळे चारच्या आसपास.
सहाव्या दाराचा मध्येच नाहीसा होतो,
पाच-सहा मिनिटांनी परत येतो.
ती ओळ मी दोनदा तपासली.
तिथे खरंच भिंत आहे.