पडायला जागा

येल्मर तेरा वर्षांचा आहे, दातांना तार लावलेला,
आणि माझा गुरू.
फ्रीसलंडच्या या सपाट कुरणात,
जिथे बांधापलीकडचं पाणी माणसाच्या डोक्यापेक्षा उंच असतं,
तो मला विमान उभं करायला शिकवतोय.
उडवता कुणालाही येतं, म्हणतो.
हे उभं करायचं. हवेत, एका जागी,
नाक आभाळाकडे, शेपूट गवताकडे,
मांजरीनं पिल्लाला मानेला धरावं
तसं पंख्यानं विमानाला धरून ठेवायचं.

"पंख विसरा," तो सांगतो, "पंख आता नुसते पाहुणे."
जोर निम्म्याहून थोडा जास्त.
थोडा म्हणजे किती?
"तुमच्या अंगठ्याला विचारा."

माझा अंगठा चौसष्ट वर्षांचा, संधिवाताचा.
विचारलं तर उशिरा उत्तर देतो
आणि मग एकदम फार बोलतो.
नाक डावीकडे कललं, मी उजवीकडे देते, भरमसाट देते,
ते उजवीकडे झोपतं, मी घाबरून पुन्हा डावीकडे,
आणि फोमचा तो नारिंगी जीव
दारुड्यासारखा हवेत दोन पावलं चालून
थेट कालव्यात.

येल्मर बूट काढतो, विजार दुमडतो,
पाण्यात उतरताना बदकांची माफी मागतो
(फ्रीजियनमध्ये. बदकांना डच कळत नाही असं त्याचं मत).

मार्चपासून नाक चार वेळा चिकटवलंय.
कार्बनच्या काड्या, फेसाळणारा गोंद,
एकदा तर सुनेचं नेलपॉलिश.
"एवढ्या खाली कशाला धरता?" तो वैतागतो,
"उंच जा. आधी पडायला जागा ठेवा."
मला आजवर सगळ्यांनी
नेमकं उलटं सांगितलं होतं.

एकतीस वर्षं मी पुलावर होते.
बोट आली की फाटक पाडायचं, पूल उचलायचा,
आणि काठीच्या टोकाला दोरीनं बांधलेला लाकडी बूट
टोलसाठी खाली सोडायचा.
बोटवाला चालत्या बोटीवरून नाणं टाकणार.
त्या एका क्षणी बूट हलता कामा नये.
आणि वारा तर असायचाच.
इथे वारा पडला तर लोक एकमेकांना फोन करतात.
आता तो पूल शहरातल्या एका खोलीतून उघडतो,
कॅमेऱ्यात बघून. बूट माझ्या न्हाणीघरात आहे,
त्यात साबण ठेवते.

परवा संध्याकाळी, नाक वर घेतल्यावर,
हाताला कसं कोण जाणे ते आठवलं:
बूट स्थिर राहावा म्हणून हात सारखा हलत असे,
इतका बारीक की पाहणाऱ्याला वाटे, बाई झोपली.
वाऱ्याची चाहूल आधी मनगटाला लागे,
मग गालाला.

टिचकी. टिचकी. जराशी सोड. टिचकी.
मागून येल्मर मोजायला लागला, हळू, श्वास धरून.
सात. आठ. समोर विमान
न दिसणाऱ्या दोरीला टांगल्यासारखं गुरगुरत होतं.
नवाला ते स्वतःभोवती वळू लागलं,
बूट वळायचा तसंच, दोरीचा पीळ सुटताना,
आणि त्यानं मला पोट दाखवलं.
आता डावं ते उजवं.
हे येल्मरनं मला आरशापुढे उभं करून
तीन रविवार घोकून घेतलं होतं.
दहा.
कुठलं डावं? कुणाचं?
अकरा,
आणि गवत.

"अकरा!" तो ओरडत धावला,
पडलेल्याकडे आधी बघावं की माझ्याकडे हे न ठरून
मध्येच थांबला.

मला दिसलं नव्हतं, नजर हलवायची सोयच नव्हती,
पण तो सांगतो की तेवढ्यात कालव्यातून
एक जुनी तपकिरी शिडाची बोट गेली.
सुकाणूवरच्या म्हाताऱ्यानं वर पाहिलं,
त्या लोंबत्या नारिंगी ठिपक्याकडे,
आणि त्याचा हात
आपसूक खिशात गेला.

नाक पुन्हा मोडलंय. गोंद संपलाय.
येल्मर शनिवारी आणेल.