हरिपूरचं पेव

पुरानंतर पेवातली ओल गेलीच नाही.
हळद कुजली, व्यापारी तुटला,
आणि आदगोंडाच्या डोक्यात चीज शिरलं.

उतरण्याआधी तो अजूनही दोरीनं कंदील सोडतो,
वडील सोडायचे तसा.
ज्योत तगली तर खाली हवा आहे.
मग शिडी, मग अंधार,
फळीवर गाईच्या दुधाचे पांढरे गड्डे,
पोटात शिळ्या पावावरची बुरशी,
अंगाला मीठ चोळून गप्प बसवलेले.

दाभण घेतो, वाकळ शिवायचं.
एकेका गड्ड्याला तीस-चाळीस भोकं.
श्वास मिळाल्याशिवाय निळं होत नाही, म्हणतो.

अडीच महिन्यांनी कापलं:
आत मनगटावरच्या शिरांसारखं
निळं, हिरवट, फाटे फुटलेलं.
वास पार गल्लीपर्यंत.

पद्मव्वा पेवाच्या तोंडाशीच उभी.
बुरशी म्हणजे जीव, बाबा.
मी नाही शिवायची.
तो आग्रह करत नाही.
गरम भाकरीवर ते पाघळतं,
वर तासगावचा बेदाणा,
आधी जिभेला चावतं, मग सोडत नाही.

ती त्याला खाताना बघत राहते.
बऱ्याच वेळानं विचारते,
दिवा नाही ना रे विझला, खाली?