आवक क्रमांक एकोणसाठ

रविवारी सकाळी मी नोटिसा लिहितो.
उद्यमबागच्या फाउंड्रीत एकतीस वर्षं टाइम ऑफिसात बसलो,
अक्षर गोल आहे, वेळ आहे,
म्हणून लेआउटनं मला चिटणीस केलं.

मच्छेच्या अलीकडे, जिथं बासमतीची वाफी होती,
तिथं आता चौसष्ट प्लॉट आणि सव्वीस नियम.
नियम चार : कंपाउंड साडेचार फुटांच्या वर नको.
(मुचंडीकरांचं पाच आहे. वर बाटलीच्या काचा. दोनदा कळवलं.)
नियम नऊ : गच्चीवर सांडगे चालतील, मिरच्या नाहीत.
हा कुणी घातला, ठरावाच्या वहीत सापडत नाही,
पण ठसका लागलेला कुणीतरी असणार.

नोटीस दोन भाषांत जाते.
मराठी माझी, कन्नड हुक्केरी मास्तरांची.
वर कुठली, खाली कुठली
यावर एक अख्खी मीटिंग गेली, चहा दोनदा झाला,
शेवटी कागद उभा दुमडला : डावी, उजवी.
त्यावरही दोघे उठून गेले.

मी लिहितो, आपणांस कळविण्यात येते की.
मास्तर लिहितात, तिळिसलागिदे.
चष्मा पुसत म्हणाले, बघा ओ,
ह्यात माणूसच नाही. तुमच्यातही नाही, आमच्यातही नाही.
दोन्हीकडचा कर्ता पळालेला.
एवढ्या एका बाबतीत सीमाप्रश्न मिटलाय.

प्लॉट सतरा. लोकरे. नियम अकरा (ब) :
राहत्या घरात यंत्र चालवू नये.
वडगावातलं घर तीन भावांत वाटलं,
ह्याच्या वाट्याला माग आला आणि थोडे पैसे.
कार नाही, म्हणून गॅरेज रिकामं होतं.
रात्री अकरापर्यंत खटॅक-खट, खटॅक-खट.
सोळाच्या बाईंची तक्रार, अठराच्यांची तक्रार,
आणि एक निनावी,
अक्षर सोळाच्याच बाईंचं.

नोटीस हातात द्यावी लागते, सही घ्यावी लागते.
शटर अर्धं वर होतं. वाकून आत गेलो.
यंकाप्पानं माग थांबवला, हात लुंगीला पुसले,
कागद आधी डावा वाचला, मग उजवा,
दोन्हीकडे बोट एकाच जागी अडलं.
"कळविण्यात येते म्हणं. कोण कळीवतंय ओ?"
"असोसिएशन."
"म्हंजे कोण?"
"कमिटी."
"म्हंजे तुम्हीच की."
मी म्हटलं, मीच.
"मग बसा की."

स्टूल दिलं. मागावर अर्धी साडी, हिरवी,
काठातला एक चुकार धागा त्यानं बोलता बोलता उपसला.
बायकोनं ताक आणलं, वर मोहरीची फोडणी.
"उत्तर द्यायचं असतंय काय ह्याला?"
सात दिवसांत, लेखी.
"बोलायला दोन्ही येतंय मला. लिवायला एक पण धड नाही.
तुमचं अक्षर बरं आहे."

सुताच्या हिशोबाच्या वहीतलं पान फाडलं
आणि मी लिहू लागलो, सदर नोटिशीस हरकत घेण्यात येते की
"तसं नको," तो म्हणाला. "लिवा,
मी यंकाप्पा लोकरे. माग माझा आहे.
रात्री आठाला मी बंद करतो.
गणपतीच्या आधी पंधरा दिवस, दहाला.
अठरामधल्या पोरीची परीक्षा आहे,
ते मला तिनं येऊन सांगितलं. कागदानं नाही."

लिहीत गेलो. हात अवघडला.
एकतीस वर्षांत एवढे 'मी'
माझ्या अक्षरात आले नव्हते.

सोमवारी वॉचमनच्या खोलीत उत्तर पोचलं.
शिक्का मारला. आवक क्रमांक एकोणसाठ.
शेऱ्याच्या रकान्यात, पाहण्यात आले, असं लिहिलं.
सवय.
मुचंडीकरांची तिसरी नोटीस अजून अर्धीच आहे,
आपणांस, इथवर.
मास्तर उजव्या बाजूला पेन उघडून बसलेत.