हयातीचा दाखला

देवमन तायडे दर नोव्हेंबरात येतात,
सेवा केंद्राच्या यंत्रावर अंगठा ठेवतात.
यंत्र म्हणतं: पुन्हा प्रयत्न करा.
ऐंशीच्या घरातलं बोट, रेषा झिजलेल्या.
मी ओला फडका देतो, तोवर
जिल्ह्याच्या कागदावरचा रकाना भरायला घेतो: पलटण.
जागा दोन बोटं.

ते नंबर सांगत नाहीत.
"पह्यले नुसतं मैदान होतं," म्हणतात, "कुसळं अन् गोखरू.
एक मेजर आला, एक बाबू,
तिसरा रबरी शिक्का.
मानसं मंग आली.
जुन्या पलटनींले हुकूम होता, जवान द्या.
आता चांगला बैल कोन देते बाप्पा?
ज्याले जो नको, त्यानं तो धाडला.
भांडखोर, पिदाड, रोज पोटात दुखनारे.
मीबी त्यातलाच.

कडबा बांधते तसं बांधलं आमाले:
दहा धांड्यांची पेंढी,
तीन पेंढ्यांची प्लाटून, मंग कंपनी, मंग गंजी.
हाजरीले सात भाषा. शिवी एकच."

"पण काका, पायदळाचं काम काय असतं?"

फडक्याची घडी करून ठेवतात टेबलाच्या कडेला.
"तोफ दुरून बोलते. इमान वरून जाते.
वावर कोन राखन?
चालत जाचं, बसाचं,
अन् उठाचं नाई.
इतकंच."

सतरा रात्री बसले होते एका धारेवर.
तिला नाव नव्हतं, नकाशात उंचीचा आकडा होता.
अकराव्या रात्री यादगिरी लांगरी,
डाळ चोरतो म्हणून आधीच्या पलटणीनं हाकललेला,
कोटाच्या आत पुऱ्या बांधून वर आला.
गरम होत्या, ते सांगतात.
दोनदा सांगतात.
यादगिरी खाली कसा गेला, ते सांगत नाहीत.

"तधी उभी झाली पलटन.
शिक्का तं त्याच्या आदी चार वर्सं होता."

यंत्रात हिरवी खूण येते.
देवमन तायडे जिवंत आहेत, असं सरकारला कळतं.
मी नंबर लिहितो. दोन बोटांत बसतो.

बाहेर तुरीच्या धुऱ्यानं ते निघतात,
नातू अंगाला खेटून चालू लागतो.
ते थांबतात, त्याला मागं सारतात
पाच पावलं.
"एका गोळ्यात दोघं नको."
कोनता गोळा, आबा?
तुरीला फुलं आलीत.
ते पुढं निघालेले असतात.